सत्तावन्न सेंटिमीटर

समजा, तुमचा डावा गुडघा वाकत नाही. मांडीपासून टाचेपर्यंत स्टीलच्या दोन पट्ट्या, गुडघ्याशी खटका, खाली जड बूट. एका हातात डबा आणि पिशवी. सकाळचे साडेसहा वाजलेत, फाट्यावर बस येऊन उभी आहे, मागून आठ माणसं रेटतायत आणि कंडक्टर दारातून ओरडतोय, "उरका, उरका!" आता चढून दाखवा.

उजवा पाय पायरीवर ठेवाल, दांडी धराल. मग सगळं अंग एकट्या उजव्या मांडीवर उचलायचं आणि डावा पाय बाहेरून फिरवून आणायचा, कारण तो काठीसारखा ताठ असतो आणि वरच्या पायरीला अडकतो. पिशवीचं काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा.

सुलक्षणाताईनं हे सात वर्षं केलं. मग गाडी घेतली.

ताई आमच्या पाबळजवळच्या फाट्यावर राहते. वय एक्केचाळीस. दोन वर्षांची असताना पोलिओ झाला. पुढे पाबळच्या तांत्रिक शाळेत ती वेल्डिंग आणि फिटिंग शिकली. आता पुण्यात, ऐन पेठेतल्या एका कार्यशाळेत ती कॅलिपर बनवते. कॅलिपर म्हणजे लुळ्या पायाला उभं करणाऱ्या त्या स्टीलच्या पट्ट्या. तिच्या स्वतःच्या पायातलाही तिनंच बनवलेला आहे. गाडी जुनी, दुसऱ्याची वापरलेली. डाव्या पायानं क्लच दाबता येत नाही म्हणून तिनं क्लचची छोटी दांडी करून गिअरच्या दांड्यावर बसवली. परिवहन कार्यालयानं ती दोनदा नापास केली. तिसऱ्यांदा पास झाली, तेव्हा तपासणाऱ्या साहेबानंच विचारलं, "माझ्या भावाला अशी करून द्याल का?"

गाडीत आम्ही तिघं ठरलेले. पुढे राबियाभाभी, पुण्यातल्या दवाखान्यात आया आहेत. मागे मी आणि बबनमामा. मामा बसचे रिटायर कंडक्टर, आता एका सोसायटीच्या गेटवर बसतात.

गेल्या वर्षी बातमी आली की शहराच्या मध्यभागात खासगी गाडी आणली तर रोज गर्दीशुल्क द्यावं लागणार. त्या दिवशी शिक्रापूर येईपर्यंत गाडीत कुणी दुसरं काही बोललं नाही.

"बरोबर हाय," बबनमामा म्हणाले. "एकेक माणूस एकेक गाडी घिऊन निघतोय. वाघोलीला बघा काय हाल हायेत. बसनं जावं की!"

"मामा, तुम्ही आत्ता कशात बसलाय?" ताईनं आरशात बघून विचारलं.

"मी व्हय? मला तू बसवलंय. मी काय गाडीवाला न्हाई."

राबियाभाभी हसल्या, पण ताईचा चेहरा हलला नाही. कार्यशाळा त्या शुल्काच्या हद्दीत मधोमध होती. रोजचं शुल्क परवडणारं नव्हतं, म्हणजे गाडी विकण्याखेरीज मार्ग नव्हता, आणि गाडी गेली की नोकरी गेली. महिनाभरानं हरकती ऐकायला शहरात सभा होती. ताईनं नाव नोंदवलं.

"जाऊन काय सांगणार? गरीब हाय म्हणून?" मामांनी विचारलं.

"रडायला न्हाई चालले, मामा. माप घिऊन चालले."

मोजल्याशिवाय बोलायचं नाही, हा तिचा जुना खाक्या. रविवारी ती टेप घेऊन डेपोत गेली. मामा मुद्दाम बरोबर गेले, बसवर उगाच कुणी नाव ठेवू नये म्हणून. डेपोच्या सपाट फरशीवर उभ्या बसची पहिली पायरी भरली बेचाळीस सेंटिमीटर.

"बघ! नियमात हाय का न्हाई?" मामा जिंकल्यासारखे म्हणाले.

ताईनं लोखंडी अँगल आणि पत्रा जोडून बरोबर बेचाळीस सेंटिमीटर उंचीची एक पायरी तयार केली. सभेत साहेबांसमोर ठेवायला. राबियाभाभींनी ती पाहिली, तिच्यावर चढल्या, उतरल्या.

"एवढीशीच? मग बसमध्ये चढताना माझ्या गुडघ्यांचा जीव का जातो?"

"भाभी, मी सोता मोजलीय."

"कुठं मोजली?"

"डेपोत."

"आपण काय डेपोत चढतो का गं?"

ताईनं कपाळावर हात मारला. माप नेहमी सपाट जागी घ्यायचं, हे शाळेत शिकलेलंच तिला नडलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बस फाट्यावर थांबताच ती टेप लावून खाली वाकली. आमच्या रस्त्यावर दर दोन-तीन वर्षांनी डांबराचा नवा थर चढतो आणि कडेचा मुरूम आहे तिथंच राहतो. बस डांबरावर, माणसं मुरुमात. सत्तावन्न सेंटिमीटर. कंडक्टर म्हणाला, "बाई, चढताय का मोजताय?" ताई म्हणाली, "पयलं मोजते. मग ठरवते."

त्या संध्याकाळी तिनं पायरीचे पाय कापून लांब पाय जोडले.

सभेला शंभरेक माणसं असतील. भांडगावचे एक शेतकरी म्हणाले, आमच्या बाजूला निदान रेल्वे तरी आहे, पण स्टेशनला यायलाच गाडी लागते. एका दुकानदारानं शुल्कामुळे गिऱ्हाईक तुटेल म्हणून आवाज चढवला. मंचावरचे साहेब तरुण होते, सगळं शांतपणे लिहून घेत होते. ताईचं नाव पुकारलं, तेव्हा मी आणि मामांनी पायरी उचलून मंचापुढं नेली. ताईनं पिशवीतून एक कॅलिपर काढला.

"साहेब, पाच मिनिटं दिलीत. मी बोलणार न्हाई. तुम्ही फक्त हे पायात घाला आन् या पायरीवर चढा."

सभागृहात खसखस पिकली. साहेब खरोखर खाली आले, खुर्चीवर बसले. ताईनं पँटवरूनच पट्टे आवळले, गुडघ्याचा खटका लावला. साहेबांनी उजवा पाय ठेवला, अंग उचललं, डावा पाय पायरीच्या कडेला आपटला आणि त्यांनी ताईचा खांदा धरला.

"खांदा न्हाई साहेब, बसमधी खांदा नसतो. आन् ही पिशवी धरा."

"हो, पण..." साहेब घामेजले होते. "नियमाप्रमाणे पायरी एवढी उंच नसते."

"डेपोत नसते. आमच्या फाट्यावर असते."

तिसऱ्या खेपेला ते चढले. खाली उतरल्यावर गुडघा चोळत म्हणाले, "पटलं. दिव्यांग व्यक्तींच्या गाड्यांना शुल्कातून पूर्ण सूट. लिहून घ्या." टाळ्या पडल्या. राबियाभाभींनी हात जोडले. आमची गाडी वाचली होती.

"टाळ्या थांबवा," ताई म्हणाली. "मला सूट नको."

ती खाली वाकून साहेबांच्या पायातले पट्टे सोडवू लागली.

"शुल्काला माझी हरकत न्हाई, साहेब. लावा. वाघोलीत मी रोज तासभर उभी असते, मलाबी कळतंय गाड्या कमी व्हायला पायजेत. तुमच्या शहरातल्या लो-फ्लोअर बसमधी मी एकटी चढते, पिशवीसकट. तशी बस गावाकडं का न्हाई? मला सूट दिली की मी तुमच्या तक्रारींच्या यादीतनं कटले. या भाभींचे गुडघे गेलेत, त्यांच्याकडं दिव्यांगाचा दाखला न्हाई. त्यांना कोण सूट देणार? बाळंतीण, म्हातारी माणसं, त्यांना? बसनं या म्हणताय ना? मग बस चढण्यासारखी करा. मी गाडी विकून येते."

परत येताना गाडीत वादळ झालं.

"तुला नको तर नको," राबियाभाभी म्हणाल्या, "पण आमच्या नावानं घ्यायची होती! माझे गुडघे पुढे करून माझीच सीट घालवलीस."

"भाभी, सूट गाडीला मिळती. मी आजारी पडले, गाडी बंद पडली, तर तुमी कशानं जाणार?"

"तेव्हाचं तेव्हा बघितलं असतं. असं भांडून कुणी बस देतं का?"

"न मागता तर आजून कुणीच दिली न्हाई."

बबनमामा म्हणाले, "तीस वर्षं मी दारात हुबा राहून उरका म्हनलो. पायरी कवा बघितलीच न्हाई."

पंधरा दिवसांनी सवलतीचा अर्ज घरी आला. महिन्याची मुदत होती. राबियाभाभी दोनदा घरी येऊन गेल्या. दुसऱ्यांदा त्यांनी पेनही आणलं होतं. ताईनं चहा दिला, अर्ज भरला नाही. मुदत संपली. शुल्क कधी लागू होणार ते अजून ठरलेलं नाही, पण लागू झालं की ही गाडी जाणार, हे आम्हा चौघांनाही माहीत आहे.

आता दर सोमवारी गाडी घरी राहते. ताई मुद्दाम बसनं जाते. जेवढा वेळ लागायचा तेवढा लावते, घाई करत नाही. कंडक्टर बोलतो, मागचे कुरकुरतात, ती दांडी धरून म्हणते, "मला न्हाई, पायरीला बोला." लागलेले सेकंद ती वहीत लिहिते. गेल्या तीन सोमवारांपासून राबियाभाभीही तिच्या मागे उभ्या असतात. ताईची पिशवी त्यांच्या हातात असते आणि कुरकुरणाऱ्यांना उत्तर त्याच देतात.

माहितीच्या अधिकारात ताईनं एक अर्ज केला होता. उत्तर आलं, "सदर माहिती या कार्यालयात उपलब्ध नाही." तिनं अपील केलंय. अपिलाच्या कागदावर एकच प्रश्न आहे, तिच्या ठळक, तिरक्या अक्षरात:

ही पायरी एवढी उंच ठेवायची असं ज्या दिवशी ठरलं, त्या दिवशी कुणाचा पाय मोजला होता?