बिबवेवाडीतला दहा दिवसांचा समुद्र

“भाजी काय सोनं हाय, साठवून ठेवायला?” आठवड्याची भाजी एकदम मागणाऱ्या गिऱ्हाइकाला यमुनाबाई हेच विचारायच्या. मग एका दिवसाची द्यायच्या आणि उद्या या म्हणायच्या. मंडईत त्यांचा ओटा छत्तीस वर्षं एकाच जागी. वडकीहून पहाटेच्या गाडीने यायच्या, उन्हं कलली की स्वारगेटकडे चालू लागायच्या. समुद्र त्यांनी पाहिला नव्हता. तशी गरज कधी पडली नव्हती.

बिबवेवाडीचे गोपाळकृष्णराव बँकेतून निवृत्त झाले आणि त्यांनी शिडाची बोट घेतली. ती मांडव्याला बांधलेली असे. त्यांच्या पत्नी नम्रताबाईंना किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं होतं. मुरूड, हर्णै, मालवण. रोज संध्याकाळी एक बंदर, रोज सकाळी एक बाजार. रावांना मध्ये कुठेही न थांबता आफ्रिका गाठायची होती. किनाऱ्याने म्हातारी माणसं जातात, असं ते म्हणत. त्यांचं वय चौसष्ट होतं. नम्रताबाईंना समुद्राची भीती नव्हती. हा माणूस एकटाच निघेल, याची होती.

दिवाळी सरली तसे दोघे यादी घेऊन ओट्यासमोर उभे राहिले.

“चाळीस दिवस टिकेल अशी भाजी द्या,” राव म्हणाले.

यमुनाबाईंनी यादी न बघताच वजनाखाली ठेवली. “वाटंत बाजार नाय?”

“वाटेत फक्त पाणी.”

“आन् बाई काय म्हणत्यात?”

“ती मुरूडपर्यंतचीच आहे.”

“मुरूडला निदान माणसं आहेत,” नम्रताबाई बटाटे दाबून बघत म्हणाल्या.

यमुनाबाईंनी पोत्यात डांगर, म्हणजे अख्खा लाल भोपळा घातला, कांदे, बटाटे, आलं, लिंबं घातली. “दहा दिवस घरी हेच खावा. मंडईचं तोंड बघायचं नाय. निभलं, तर अकराव्या दिवशी चाळीस दिवसांचं भरून देते.”

रावांना ही अट अपमानाची वाटली, म्हणून त्यांनी ती मान्य केली.

पहिल्या दिवशी डांगराची भाजी झाली, दुसऱ्या दिवशी भरीत, तिसऱ्या दिवशी घारगे. चौथ्या दिवशी परत भाजी झाली. सहाव्या दिवशी ते मंडईत, दोन ओटे पलीकडे, खांबाच्या आडोशाला कोथिंबिरीची जुडी हातात धरून उभे होते. मागे नम्रताबाई होत्या.

“बोट बुडाली का?” यमुनाबाईंनी बसल्या जागेवरून विचारलं.

राव जवळ आले. “अहो, हर्णैला कोथिंबीर मिळते का?”

“मला काय ठावं. माणसं जेवत आसतील तर मिळंल.”

“मिळते,” नम्रताबाई म्हणाल्या. “मी विचारून ठेवलंय. मुरूडलाही.”

“मग मुरूडपासून सुरू करू,” राव म्हणाले. “आफ्रिका काही कुठे जात नाही.”

नम्रताबाई ओट्याच्या कडेला टेकल्या. पिशवी मांडीवर घेतली.

उन्हं कलली तशी यमुनाबाईंनी उरलेल्या मालावर ओलं पोतं टाकलं, पदर खोचला आणि रिकामी पाटी कमरेवर घेऊन स्वारगेटच्या दिशेने निघाल्या. मागे वळून बघायची त्यांना सवय नव्हती. गर्दीत त्यांचं हिरवं लुगडं दिसेनासं होईपर्यंत नम्रताबाई बघत होत्या. शेजारी राव कोथिंबिरीची पानं खुडून तशीच खात होते.