झऱ्याचे पाणी अस्सल होते

त्या बाटल्यांची आठवण निघाली की आजही माझे डोके तापते. सत्तरीचे दशक नुकतेच लागले होते आणि मी दोंडाईच्याच्या बाजूला एका ठाण्यात फौजदार होतो. एका सकाळी एक शेतकरी आबा तक्रार घेऊन आले. त्यांची बायको नुकतीच वारली होती. मूत्रपिंडाच्या दुखण्याने तिच्या अंगावर सूज यायची, पण दवाखान्याच्या गोळ्यांवर तिचे बरे चालले होते. गावातला एक माजी कंपाउंडर सातपुड्यातल्या गरम झऱ्याचे पाणी बाटल्यांत भरून औषध म्हणून विकत असे.

"साहेब, त्यानी सांगं, दवाखानान्या बठ्ठ्या गोया बंद करा, हाई पानीच औषध शे," आबा म्हणाले. "तिनी ऐकं. सूज वाढतच गई."

आमच्या खबऱ्याने सांगितले, तो झऱ्यावर जातच नाही, रेल्वे स्टेशनच्या नळाचे पाणी भरतो. फसवणुकीचा गुन्हा आयताच हाती आला म्हणून मी खूश झालो. कंपाउंडरच्या घरी छापा घातला. पंचांसमोर बाटल्या सील केल्या, झऱ्यावरचेही नमुने घेतले आणि दोन्ही रासायनिक तपासणीला पाठवले.

अहवालात दोन्ही पाणी एकच निघाले. सोडियम, कॅल्शियम, गंधक, सगळ्यांचे प्रमाण जुळत होते. खबर खोटी होती.

"अस्सल माल आहे साहेब, मी सांगतच होतो," कंपाउंडर हसत म्हणाला.

मला ते हसणे सहन झाले नाही. मी स्वतः प्रयोगशाळेत गेलो. तिथल्या तपासनिसांनी बाईचा आजार विचारला आणि ते गंभीर झाले.

"या पाण्यात सोडियम फार आहे. सुजेच्या रोग्याचं मीठ डॉक्टर बंद करतात. यानं तिला बाटल्या भरभरून मीठ पाजलं, वर गोळ्याही सोडवल्या."

छाप्याच्या वेळी कंपाउंडरची म्हातारी आई सुजलेले पाय घेऊन खाटेवर बसलेली मी पाहिली होती. त्याला पुन्हा बोलावून मी विचारले, "आईला कोणतं पाणी देतोस?"

"विहिरीचं."

"झऱ्याचं का नाही?"

तो म्हणाला, "आधी दिलं होतं. सूज चढली, म्हणून बंद केलं. डॉक्टरांनीच सांगितलं."

"आणि तरी विकत राहिलास?"

"लोक मागत होते."

माझा हात उठायचा राहिला, एवढेच. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही, म्हणून मी त्या डॉक्टरांचा जबाब नोंदवला. सुजेला हे पाणी घातक हे माहीत असून त्याने ते विकले, ही फसवणूक शाबीत झाली. बाईचा मृत्यू पाण्यानेच झाला हे मात्र सिद्ध करता आले नाही आणि थोडक्या शिक्षेवर तो सुटला. निकाल ऐकून आबा एवढेच म्हणाले, "सोतानी मायले पाजं नही, मनी बाईले पाजं."

आम्हाला भेसळ पकडायला शिकवले होते. त्यामुळे पाणी शुद्ध निघाले तेव्हा गुन्हाच नाही, असे मी जवळजवळ धरून चाललो होतो. पुढे औषध, बियाणे, तेल, कशाचीही तक्रार आली, तरी विकणाऱ्याला माझा पहिला प्रश्न ठरलेला असे: हे तू घरी वापरतोस का?