दोऱ्याने कापलेल्या ओळी

पाठ्यपुस्तकाआधी मी पत्रकांवरून अक्षरं शिकले. रनाळ्याला मामाच्या ओट्यावर त्याच्या युद्धविरोधी पत्रकांचे गठ्ठे असत. एका कागदावर चार पत्रकं छापलेली. मामा घडी घालायचा, आत शिवणाचा दोरा घालायचा आणि खस्सकन ओढायचा. कड जराशी केसाळ यायची. ब्लेड त्याला चालत नसे.

फोटोंची पेटीही त्याचीच. जुन्या युद्धांचे फोटो, मासिकांतून जाड कागदावर पुन्हा छापून घेतलेले. छापाचा छाप, म्हणून चेहरे काजळी फासल्यासारखे. "युद्धाचा फोटो लावायचा तो मागे उरलेल्यांचा," तो म्हणायचा. प्रत्येक फोटोखाली कोरी पट्टी सोडलेली, तिच्यावरच्या ओळी मी लिहिल्या. तोफेला टेकून झोपलेल्या शिपायाखाली लिहिलं होतं, 'याला लढाई नको होती, झोप हवी होती.'

खापरच्या बाजारात आम्ही दोरी बांधायचो. एक टोक मामाकडे, एक माझ्याकडे. कपड्यांच्या चिमट्यांनी फोटो लावायचो. डोक्यावर गाठोडी घेऊन रस्त्याने निघालेल्या माणसांच्या फोटोपुढे एकदा डोंगरातली एक बाई थांबली. "यांचा मुकादम कुठंय?" तिने विचारलं. तिला ती गुजरातला ऊसतोडीला निघालेली माणसं वाटली. मी समजवायला गेले, तर मामाने माझा हात दाबला. घरी येताना म्हणाला, "तिनेच बरोबर पाहिलं. तिचा प्रश्नच खाली लिही." त्या दिवशी मामाइतकं मोठं माणूस मला दुसरं कुणी वाटत नव्हतं.

यंदा नंदुरबारला नवी सैन्यभरती अकॅडमी निघाली. मैत्रिणीच्या भावाला सोडायला गेले, तर भिंतीवर आमचा शिपाई. खाली लाल अक्षरांत: 'झोपेतही सज्ज!'

"सज्ज कसाना? त्यानं तोंड ते उघडं शे!" एक पोरगा म्हणाला आणि सगळे हसले.

माझ्या ओळीची पट्टीच नव्हती. चोरीच झाली, असं वाटून मी चिडून खालच्या कडेवर बोट फिरवलं. कड केसाळ होती.

तशीच रनाळ्याला गेले. मामा ओट्यावरच होता.

"व्हय, मीच दिधात," तो म्हणाला. "उद्घाटनले माले बलायं व्हतं."

"आणि ओळी?"

"तसं वाचीसन पोरेसनी हिंमत खची जाई."

"मरायची हिंमत?"

"नोकरीनी! तुन्हा पत्रकं वाचीसन कोणले नोकरी लागनी, सांग ना माय?"

कुणालाच लागली नाही. त्या पोरांना लागावी, असं मलाही वाटतं. पण ज्याने मला लिहायला शिकवलं, त्यानेच माझी ओळ कापली, तीही पत्रकांच्याच दोऱ्याने, आणि मला विचारलंही नाही. विचारलं तर मी भांडेन, हे त्याला माहीत होतं. भांडायलाही त्यानेच शिकवलं होतं.

मी उठले, तेव्हा त्याने खाटेमागून एक फोटो काढला. "हाऊ लई जाय. हाऊ त्यासले नको व्हता."

गाठोडीवाली माणसं. पट्टी शाबूत. यांचा मुकादम कुठंय?

पुढच्या बाजाराला मी एकटीच खापरला गेले. दोरीचं दुसरं टोक चिवडेवाल्याच्या बांबूला बांधलं आणि तो एकच फोटो लावला.

"आज मामा नई उना का?" चिवडेवाल्याने विचारलं.

"मामा भरती झाला," मी म्हटलं.