एका दाताचं अंतर

संकेश्वरच्या साखर कारखान्याबाहेर उसाच्या गाड्यांच्या रांगेत होतो, तेव्हा संदीपचा फोन आला. "काका, अण्णा गेले..." एवढंच बोलला. मागचा गाडीवाला हॉर्न मारत होता आणि माझा पाय क्लचवरून हलेना. दीड महिना होत आला, तरी मारुती अण्णा हृदयविकारानं गेले हे मला पटत नाही. माणूस खचून मरतो, डॉक्टर त्याला दुसरं नाव देतात.

निपाणीत आमची घरं भिंतीला भिंत लागून. मला स्टेअरिंग अण्णांनीच शिकवलं, शिव्या घालत. पण गाडी अडली की आधी गाडीची समजूत काढायचे, मग माझी. त्यांचा लांब तोंडाचा ट्रक माझ्या लग्नाच्याही आधीचा. सपाटीला वाघ, पण ऊस भरून तवंदीचा घाट लागला की धापा टाकायचा. ट्रॅक्टरवालेसुद्धा हसत पुढे जायचे. संदीप, त्यांचा मुलगा, पुण्याला नोकरीत. त्यानं गणपतीत सांगून टाकलं, "अण्णा, तब्येत बघा जरा. भरून घाट चढली तर ठेवा, न्हायतर भंगारात घालूया." अण्णांनी शब्द दिला आणि हट्टाला पेटले.

इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडमीट करणारा दांडा म्हणजे कॅमशाफ्ट. बेळगावच्या एका कारागिराकडून त्यांनी तो नव्या आकारात घासून आणला. "व्हॉल्व्ह जरा लवकर मिटलं की हळू चालतानाबी इंजिनात दम ऱ्हातोय. बघ तू, घाट लोण्यागत कापतीय," म्हणायचे. दांड्याच्या टोकाला दातेरी चाक असतं. त्याचा ठरलेला दात समोरच्या चाकावरच्या खुणेशी जुळवून बसवायचा. त्या दातावर कारागिरानं लाल ऑइलपेंटचा ठिपका दिला होता.

खंडेनवमीला पान्या-हातोड्यांबरोबर तो शाफ्टही पाटावर आला. अण्णांनी चाकाच्या एका दाताला कुंकू लावलं, ते तेलकट लोखंडात तिथंच भिनलं. दुसऱ्या दिवशी बसवताना मी फडकं घेतलं, तर खेकसले, "पूजेचं कुंकू पुसत्यात व्हय रं? ऱ्हाऊ दे तसंच."

ऊस भरून तवंदीला निघालो, तर घाटाच्या निम्म्यात काळा धूर ओकून गाडी थांबली. संदीप शेजारीच बसलेला. अण्णा उतरले, बोनेटवर हात ठेवला. "लोभ नडला रं. चांगल्या इंजिनाची मीच वाट लावली." पुन्हा खोलून बघू, म्हणून मी हातापाया पडलो. "पोराला शब्द दिलाय," म्हणाले. भंगारवाला गाडी ओढून घेऊन गेला, तेव्हा ते दाराबाहेरसुद्धा आले नाहीत. नंतर रोज पायरीवर बसून रिकाम्या अंगणाकडे बघत राहायचे. चहा गार व्हायचा...

बाराव्यानंतर आक्का, म्हणजे त्यांची बायको, मला म्हणाली, "त्यांचं काय तरी घरात ऱ्हाऊ दे. तो दांडा तेवढा आण, भाऊ."

भंगारवाल्याच्या आवारात मी इंजिनाचं पुढचं झाकण खोललं. कुंकू तेलात कधीच धुऊन गेलं होतं. ऑइलपेंटचा ठिपका मात्र शाबूत होता आणि समोरच्या खुणेपासून एक दात बाजूला होता. चष्म्याचा कंटाळा करणाऱ्या अण्णांनी कुंकवाचा दात खुणेचा समजून बसवला होता. शाफ्ट चांगला होता. इंजिन चांगलं होतं. गाडी घाट चढली असती हो! त्या लोखंडाच्या ढिगात बसून मी लहान पोरासारखा रडलो. शिव्या तरी कुणाला घालू?

संदीपला सांगितलं. आक्काला सांगितलेलं नाही. तिला वाचता येत नाही, म्हणून तर इथं लिहितोय.

शाफ्ट आता त्यांच्या देवळीत आहे. ठेवला त्या दिवशी आक्कानं कुंकवाचा करंडा माझ्यापुढे सरकवला. "माझ्या हातानं नको आता. तूच लाव रं." मी बोट बुडवलं. चाकाजवळ नेलं... दातांवर टेकवेना. पूजेचं कुंकू पुसायचं नसतं हे माहीत असूनही मी बोट विजारीला पुसलं.