चासीवरचा जुना जोड

बाबांच्या जुन्या जीपची बॉडी उतरवली, तेव्हा तिची चासी मी पहिल्यांदाच पाहिली. दोन लांब लोखंडी दांडे आणि त्यांना धरून ठेवणारे काही आडवे तुकडे, एवढंच. वेल्डर सलीमभाई हातोडीने ठोकत पुढे सरकत होते. चांगलं लोखंड खणखणत होतं, गंजलेलं बद्द वाजत होतं. मागच्या चाकाजवळ ते थांबले.

"ही इथं मोडली होती. कुणीतरी घाईघाईत जोडलीय."

मी बाबांकडे पाहिलं. बाबा स्टुलावरून उठून त्या जोडापाशी आले.

"तू झालीस त्या दिवशी," ते म्हणाले, "दवाखान्यात येताना घाटात कठड्यावर आदळलो. तुझ्या आईला पंक्चर म्हणून सांगितलं."

'त्या दिवशीसुद्धा उशीर,' हे आईचं वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. बाबा त्यावर फक्त हसायचे. आणि आम्ही सगळे त्याच जोडावर बसून लग्नांना, जत्रांना जात होतो. माणसं बहुधा अशाच कुठल्यातरी न दिसणाऱ्या जोडावर वर्षानुवर्षं चालत असावीत.

सलीमभाईंनी तो तुकडा कापून नवा घातला.

घरी आईने विचारलं, "काय निघालं गाडीत?"

"गंज होता थोडा," मी म्हणाले.