भावानं तपासलेला कागद

माझा थोरला भाऊ हवालदार म्हणून फौजेतून निवृत्त झाला तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा होता. आमचं गाव औंधच्या जवळ. तिथं घरटी एखादा तरी फौजेत असतो, त्यामुळं परत आलेल्या माणसाचं अप्रूप चार दिवसांत संपतं. दादा काही महिने शेतात राबला, मग साताऱ्यात एका एटीएमबाहेर रखवालदार म्हणून बसू लागला. मी एकदा भेटायला गेलो तर आत पैसे आहेत का, असं एक गिऱ्हाईक गाडीवरूनच त्याला दरडावून विचारत होतं, आणि दादा स्टुलावरून उठून, ताठ उभा राहून उत्तर देत होता. मला बघून तो ओशाळला. त्या दिवशी आम्ही चहा प्यायलो आणि मी परत निघालो.

वर्षभरानं तो सांगलीला, विश्रामबागेतल्या माझ्या घरी आला तो इस्त्रीचा शर्ट आणि टाय घालून. एका सुट्ट्यांच्या कंपनीत नोकरी लागली होती. एकदा सभासद व्हायचं, पंचवीस वर्षं दरसाल ठरावीक पॉइंट मिळतात, ते वापरून कंपनीच्या कुठल्याही रिसॉर्टमध्ये राहायचं. कंपनीला निवृत्त फौजीच हवे होते. साहेबानं त्याला सांगितलं होतं की फौजी माणूस खोटं बोलत नाही, हे लोकांना ठाऊक असतं.

मी हायस्कुलात गणित शिकवतो. दादानं करारनामा माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाला, "मास्तर, समदं बराबर हाय का बघ. आपल्याच मानसांना इकायचं हाय, म्हणून म्हणतो."

कागद बारीक टायपातला होता. दादा माझ्या बायकोशी बोलत बसला, आणि मी एका उत्तरपत्रिकेच्या मागं आकडे मांडले. हंगामांचे रंग होते. मे महिना आणि दिवाळी लाल रंगात, आणि लाल आठवड्याला जवळजवळ दोन वर्षांचे पॉइंट लागत होते. पोरं शाळेत असलेल्या घराला जायला मिळणार त्याच सुट्ट्यांत, म्हणजे वर्षाआड एकदा, तेही तीन महिने आधी आरक्षण मिळालं तर. भर पावसातला आठवडा मात्र कधीही मिळाला असता. गेलात न गेलात तरी देखभालीचं शुल्क दरसाल भरायचं, आणि ते किती वाढवायचं हे कंपनी ठरवणार. ज्याला कधीही रजा मिळते आणि वर्षात दोन-तीनदा हिंडायची हौस आहे, त्याला कदाचित परवडलं असतं. आमच्या गावात असा माणूस मला आठवेना. सुटी काढावीशी वाटली की साधं हॉटेल घेणं केव्हाही बरं होतं.

हे सगळं मला अर्ध्या तासात कळलं. मान वर केली तर दादा बायकोला सांगत होता की ऑफिसात त्याला सगळे 'सर' म्हणतात. सांगताना तो हसत होता. मला ते स्टूल आठवलं.

"ठीक आहे," मी म्हणालो. "हिशेब बरोबर आहे."

तो गेल्यावर बायकोनं विचारलं, आपण घ्यायची का ही मेंबरशिप? मी म्हणालो, आपल्याला नको. तिनं कारण विचारलं नाही. दोन दिवसांनी दादानंही फोन करून तेच विचारलं. घरासाठी कर्ज काढायचं चाललंय, पुढं बघू, असं मी त्याला सांगितलं. कर्जाचं काही चाललेलं नव्हतं.

पुढच्या दीड वर्षात त्यानं गावात आणि आसपासच्या वाड्यांवर बऱ्याच घरांना सभासद करून घेतलं. बहुतेक त्याच्या पलटणीतले लोक. कंपनीनं त्याला एका कार्यक्रमात पदकं लावून व्यासपीठावर उभं केलं, त्याचा फोटो त्यानं मला पाठवला. कुणी शंका काढली की तो काय सांगायचा, हे मला उशिरा कळलं. तो म्हणायचा, माझा भाऊ सांगलीत गणिताचा मास्तर हाय, त्यानं कागद तपासलाय.

हे मला सांगितलं ते त्याच्या एका मित्राच्या बायकोनं. मित्र आणि दादा एकाच तुकडीत होते. मित्र निवृत्तीनंतर तीन वर्षांत हृदयविकारानं गेला, मागं ही बाई आणि दोन मुली. थोरलीच्या कॉलेजप्रवेशासाठी तिला घेऊन त्या सांगलीला आल्या आणि दादाकडून पत्ता घेऊन आमच्या घरी आल्या. पिशवीत प्लास्टिकची फाइल होती.

त्यांचा नवरा हिमाचलात चार वर्षं होता. तिथल्या बर्फाचं, सफरचंदाच्या बागांचं तो घरी सांगायचा आणि निवृत्तीनंतर तिघींना तिथं न्यायचं म्हणायचा. तो गेल्यावर त्यांनी त्याच जागेसाठी सभासदत्व घेतलं होतं. दोन वर्षं त्या आरक्षणासाठी फोन करत होत्या आणि दरवेळी खोली उपलब्ध नाही असं उत्तर येत होतं. शेवटी पॉइंट वाया जातील म्हणून जुलैत कोयनानगरजवळचं रिसॉर्ट घेतलं. घाटातल्या वळणांनी धाकटीला उलट्या झाल्या. दोन दिवस धुक्यात खिडकीबाहेरचं झाडसुद्धा दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जमीन हलली. तिथल्या लोकांना त्याची सवय, वेटरनं नुसतं पाण्याचं भांडं धरून ठेवलं. पण धाकटी एवढी रडायला लागली की सकाळी त्या निघून आल्या.

एवढं सांगून त्यांनी फाइल माझ्याकडं सरकवली. "सर, ह्यात बर्फाचं कवा जमंल तेवढं बघून सांगा."

मी फाइल उघडली. त्यात वाचण्यासारखं नवीन काही नव्हतं. मी त्यांना लाल आठवडा समजावला, पॉइंट समजावले. मुलींच्या सुट्टीत जायचं तर हे पॉइंट दोन वर्षं साठवावे लागतील, आणि तरी खोली मिळेलच असं नाही, हे सांगितलं. वर्गात समजावतो तसंच समजावलं.

"तुमी घेतलीया का ही मेंबरशिप?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"तुमी तवाच वाचलं व्हतं न्हवं?"

मी फाइल मिटून त्यांच्याकडं सरकवली. बाईंनी फाइल उचलून पिशवीत घातली, चहा अर्धाच ठेवला, आणि मुलीला घेऊन गेल्या. मी फाटकापर्यंत गेलो, पण त्यांनी मागं बघितलं नाही.

नंतर मी त्यांच्यासाठी कंपनीला तीन पत्रं लिहिली. करार रद्द करायची मुदत पहिल्या दहा दिवसांतच संपली होती, एवढंच उत्तर आलं. ग्राहक मंचात जाऊ या, असा मी निरोप धाडला. त्यांनी उलट कळवलं की आता कुठं फिरायची ताकद नाही. शुल्क भरणं त्यांनी बंद केलं आणि सभासदत्व आपोआप गेलं. तशीच आणखी काही घरांचीही गेली.

दादानं नोकरी सोडली. सोडण्याआधी तो एकेका घरी जाऊन आला. काहींनी त्याला पाणी दिलं, काहींनी उंबऱ्यातच उभं ठेवलं. पलटणीतले लोक वर्षातून एकदा सगळे मिळून जेवतात, तिथं तो आता जात नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मी गावी गेलो आणि विहिरीवर त्याला गाठून सांगितलं. मला त्या दिवशीच कळलं होतं, तरी मी बोललो नाही. का, तेही सांगितलं. स्टुलाचं मात्र मी बोलू शकलो नाही. नुसतं म्हणालो, तू खूश होतास.

तो मोटारीच्या पाइपाला कापड गुंडाळत होता.

"सांगितलं असतंस तर ऐकलं असतं मी," तो म्हणाला. मग कापडाची गाठ मारत, "न्हाई, बहुतेक नसतं ऐकलं. पर तू बोलायचं हुतंस रं. त्या वैनीला मी तुझं नाव सांगून सही घेतली."

मी माफी मागितली. त्यानं मान हलवली, ती कशासाठी ते मला समजलं नाही. जेवायला आम्ही एकत्र बसलो. वाढताना वहिनी पाऊसपाण्याचं विचारत होती आणि मी तिला उत्तरं देत होतो.

दादा आता एका साखर कारखान्याच्या फाटकावर पहारा करतो. मला फोन करतो, मुलांची चौकशी करतो. मात्र पूर्वी शेताचा दाखला असो की बँकेचा फॉर्म, कागद आला की तो माझ्याकडं पाठवायचा. गेल्या तीन वर्षांत त्यानं एकही पाठवलेला नाही. कुणाकडून वाचून घेतो ते मी विचारलेलं नाही.