शशी वकिलानं मागितलेली वाट

कोऱ्हाळे बुद्रुकच्या एका गोठ्यात मी म्हशीचं अडलेलं रेडकू काढत होतो. माझा हात खांद्यापर्यंत आत, घाम डोळ्यांत. खिशातला फोन वाजायचा थांबेना, तेव्हा गोठ्याच्या मालकानंच तो काढून माझ्या कानाला लावला. पलीकडे शशीची बायको सुनंदा होती. "भाऊजी, ह्यांना ट्रॉलीनं..." एवढंच बोलली. बारामती-इंदापूर रस्त्यावर उसानं भरलेली ट्रॉली बंद पडून उभी होती. मागे दिवा नाही, साधं फडकं नाही. लासुर्ण्याच्या शाळेतली बुद्धिबळाची स्पर्धा उरकून दिवेलागणीला स्कूटरवर परतणारा माझा मित्र त्या उसात घुसला आणि जागीच गेला. भेटायला आलेले लोक म्हणत होते, वेळ आली होती. कसली डोंबलाची वेळ? हातभर लाल चिंधी कुणी बांधली असती, तर शशी घरी येऊन जेवला असता. या गोष्टीला महिना होऊन गेला, पण माझा राग तसूभर उतरलेला नाही.

आम्ही दोघं लासुर्ण्याचे. मी जनावरांचा डॉक्टर झालो, तो वकील. बुद्धिबळ मात्र आम्ही एकाच ओट्यावर शिकलो, तेही आमच्या गावच्या रीतीनं. त्या रीतीत समोरच्याचे सगळे मोहरे खाऊन त्याचा राजा उघडा पाडला, की ती 'बुर्जी' व्हायची. बुर्जीला जीत म्हणत नसत. म्हातारी माणसं पट उधळून द्यायची आणि वर शिव्या घालायची. समोरच्याकडे एखादं प्यादं तरी ठेवून मात करायची, ही तिथली अदब. शशी पुण्याला कायदा शिकायला गेला, स्पर्धांमधून खेळू लागला आणि तिथं असलं काही नसतं हे त्याला फार आवडलं. तो खेळायचाच मारामारी केल्यासारखा. घोडा असा आपटायचा की शेजारच्या टेबलावरची प्यादी हलायची. पंचांनी कितीदा तरी ताकीद दिली. जिल्ह्यात त्याला बरीच वर्षं कुणी हरवू शकलं नाही, राज्य स्पर्धेत मात्र नेहमी शेवटच्या फेऱ्यांत घसरायचा. धंदा म्हणून खेळायला त्याला कधी जमलं नाही. सोमवार ते शनिवार कोर्ट, उरलेला जीव पटावर. आणि कोर्टातही तो तसाच खेळायचा.

निरवांगीचे हणमंतराव आणि सोपान हे चुलतभाऊ. बांधावरून त्यांची डोकी फुटली होती आणि शशी हणमंतरावाचा वकील होता. त्या खटल्यात सोपानच्या वकिलानं एक घोडचूक केली. सोपानच्या शेतात जायला वाट एकच, हणमंतरावाच्या बांधावरून. ती मागायचंच तो विसरला. शशीला हे पहिल्याच तारखेला दिसलं. मला म्हणाला, "वजीर फुकट देतोय रे, बघ तू." तो गप्प बसला आणि निकाल लागला तेव्हा बांध गेला, विहिरीतला हिस्सा गेला आणि वाटेवर मनाई आली. सोपानचा ऊस उभा, पण तिथवर ना बैल जाईल ना ट्रॅक्टर. त्या संध्याकाळी शशीनं मला पेढा दिला होता.

काही दिवसांनी इंदापूरला कोर्टाच्या आवारात आम्ही उभे होतो. तिथून बारामतीला एका स्पर्धेला जायचं होतं. सोपान शांतपणे चालत आला. पाठीमागं धरलेला ऊसतोडीचा कोयता त्यानं शशीच्या मानेवर घातला. शशीनं उजवा हात वर केला म्हणून मान वाचली. बोटं खाली फरशीवर पडली आणि रक्ताची चिळकांडी माझ्या तोंडावर उडाली. दुसरा घाव यायच्या आत मी सोपानला खाली पाडून त्याचं तोंड फरशीवर आपटलं, दात पडेपर्यंत आपटलं, लोकांनी ओढून काढलं म्हणून थांबलो. मग माझ्या जनावरांच्या औषधांच्या पिशवीतली दोरी काढून शशीचा हात आवळून बांधला. सोपान तोंडातलं रक्त थुंकत ओरडत होता, "सुटून आलो की हणमंताला बी तोडतो. मला ऱ्हायलंय काय आता?"

दवाखान्यात शशी शुद्धीवर आला. मी त्याला म्हणालो, आता साक्ष अशी दे की हा जन्मभर आत सडेल. तो छताकडे बघत होता.

"साक्ष खरी देणार. कमी नाही, जास्त नाही," तो म्हणाला. "पण मी त्याची बुर्जी केली रे... त्याच्याकडे चालायला घरच ठेवलं नाही. मग त्यानं पट उधळला."

मला इतका संताप आला की मी बाहेर जाऊन भिंतीला लाथ मारली. बोटं गेलेली याची, आणि चूक शोधतोय तीही स्वतःची! आजही मला वाटतं, कोयत्याला असं उत्तर नसतं. पण शशीनं पुढं खरंच जशी झाली तशी साक्ष दिली आणि सोपानला शिक्षा झाली. त्याच्या आधीच, सोपान कोठडीत असताना, हाताची पट्टी सुटायच्या आत हा निरवांगीला हणमंतरावाच्या दारात.

"रावसाहेब, सोपानच्या बायकोला वाट द्या."

"वकीलसाहेब, तुमीच बंद केली न्हवं? निकाल लागला तवा तुमी पेढं खाल्लं."

"खाल्ले. आता मागतोय. तो सुटून आला आणि त्याला वाट नसली, तर तो तुमच्या दारातूनच येणार."

हणमंतरावानं चार लोकांदेखत त्याच्या थोबाडीत दिली. शशीनं चष्मा उचलला, पुसला आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा गेला. सुनंदा रडायची, बार रूममधले वकील हसायचे. मी शिव्या देत गाडी चालवायचो, कारण एका हातानं त्याला स्कूटर अजून जमत नव्हती.

तोडीचा हंगाम आला. सोपानची बायको कमल ऊस स्वतः तोडून मोळ्या डोक्यावर घेऊन बांधावरून काढू लागली. हणमंतरावाच्या माणसांनी तिला ढकललं, मोळीसकट ती पाण्याच्या चारीत पडली. त्या आठवड्याच्या फेरीला आम्ही नेमके तिथं पोचलो होतो, शशी मध्ये शिरला. एक काठी त्याच्या खांद्यावर बसली, दुसरी डोक्यात. मी पिशवीतला बैल खच्ची करायचा चिमटा काढला आणि दिसेल त्याला हाणत सुटलो. चांगलं वजनदार हत्यार आहे ते, एकाचं मनगट मोडलं, आणि ते हत्यार कशाचं आहे हे कळल्यावर बाकीचे जरा लांबच राहिले. शशी बांधावर बसला होता, तोंडावरून रक्त वाहत होतं आणि तरी तो हलत नव्हता. हणमंतराव धावत आला, आपल्याला खटला जिंकून देणाऱ्या माणसाचं रक्त आपल्याच मातीत बघून बावचळला. "आरं थांबा! मेला तर आपल्याच बांधावर मरंल ह्यो!" मग कमलकडं न बघता म्हणाला, "गाडीवाटंपुरतं सोडतो. त्येच्या पल्याड टाच बी न्हाय." त्याला दया आली असं मी म्हणणार नाही, तो घाबरला होता. पण पुढं तहसीलदारापुढं त्यानं तसं लिहून दिलं.

त्यानंतर शशी डाव्या हातानं खेळू लागला. ज्या हातानं चाल, त्याच हातानं घड्याळ दाबायचं असा नियम, आणि डावा हात मंद. जिंकत आलेले डाव वेळ संपून हरायचा. तरी पटावर त्यानं कुणाला कधी काही सोडलं नाही. दिसेल ते खायचा, घोडा डाव्या हातानंही आपटायचा. मी एकदा त्यावरून टोचलं, तर म्हणाला, "पट डब्यात भरून ठेवता येतो. निरवांगी येत नाही."

सोपान सुटून आला. त्यानं हणमंतरावाला तोडलं नाही. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, वाट चालू आहे. सोपान सुटल्यापासून मी तिकडं पाऊल टाकलं नव्हतं. गेल्या आठवड्यात एका आजारी गाईसाठी निरवांगीला बोलावणं आलं, गेलो, आणि परतताना गाडी त्या बांधापाशी आपोआप थांबली. रुंदी जेमतेम ट्रॅक्टरपुरती. दोन्ही बाजूंना गवत, मधे चाकांनी दाबलेली माती. शशीची समाधी नाही, पण असती तर ती अशीच असती.

उसानं भरलेली ट्रॉली येत होती. बघूनच माझं डोकं फिरलं. तेवढ्यात कमल धावत आली आणि ट्रॅक्टरपुढं आडवी उभी राहिली. ड्रायव्हर करवादला, "वैनी, उशीर व्हतोय, कारखान्यात नंबर जाईल!"

"जाऊ दे. ह्या वाटंनं बिनफडक्याची ट्रॉली जायची न्हाय. वकीलसाहेबांची वाट हाय ही."

तिनं घरातून आणलेलं जुनं लाल लुगडं टर्रकन फाडलं. भरल्या उसाला ते आडवं बांधायचं तर दोन्हीकडं माणूस लागतो. एक टोक तिनं माझ्या हातात दिलं. दुसऱ्या टोकाला सोपान उभा होता, पुढचे दात नसलेला. मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही, बोलणारही नाही. त्यानं तिकडून ओढलं, मी इकडून ओढलं, आणि गाठ पक्की बसेपर्यंत दोघांनीही टोक सोडलं नाही.